मोठ्याच्या वाट्याचे सीताफळ

फ्रिज आमच्या हिंगणघाटच्या घरी आला तेव्हा तो स्वयंपाकघरात ठेवावा असे कोणालाच सुचले नाही. तो बैठकीत ठेवला गेला, दाराच्या अगदी समोर, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसेल असा. आईने त्याच्यावर विणलेला रुमाल घातला आणि रुमालावर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ ठेवला. घरी आलेल्या माणसाला आधी पाणी मिळे, मग बर्फ दाखवला जाई. वडील वरच्या कप्प्याचे छोटे दार उघडून बाजूला उभे राहत. पाहुणा आत बोट लावून बघे, बोट कपाळाला लावी आणि विचारी, “मोठ्यानं पाठवला?”

“मोठ्यानं,” वडील म्हणत. दार तोवर उघडेच असे.

मोठा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो आखातात एका तेल कंपनीत होता आणि दर वर्षी उन्हाळ्यात महिनाभर सुटीवर येत असे. घरातल्या वस्तूंची एक वाटणी होती, ती कोणी केली नव्हती. पंखा, गॅसची शेगडी आणि वडिलांचा चष्मा मी आणला होता. त्यांना पंखा, शेगडी आणि चष्मा असेच म्हणत. भावाने आणलेल्या वस्तूला त्याचे नाव लागे. मोठ्याचा रेडिओ, मोठ्याचे ब्लँकेट, मोठ्याचा फ्रिज. पंख्याखाली बसून लोक मोठ्याच्या फ्रिजची तारीफ करीत.

मी त्या वेळी नागपूरच्या एका दैनिकाचा हिंगणघाटचा वार्ताहर होतो. त्याआधी काही वर्षे त्याच दैनिकात उपसंपादक होतो. वडील कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, घरी कोणीतरी असणे भाग झाले. ते कोणीतरी आखातातून येणार नव्हते. मी परत आलो. गावात याला विशेष मानत नसत. गेलेल्या मुलाची चौकशी होते, असलेल्याला दिसतोच म्हणून कोणी विचारत नाही.

सीताफळाची गोष्ट भावाच्या एका वाक्यापासून सुरू झाली. सुटी संपत आली होती. त्याच्या पुढ्यात आमरसाची वाटी होती आणि आई तिच्यात तूप सोडत होती.

“आंबे तं तठीही भेटतात, माय,” तो म्हणाला. “सीताफळ खाऊन मात्र जमाना झाला.”

आईचा चमचा वाटीवर थांबला. भावाच्या ते लक्षात आले नाही. तो पुढे विमानाच्या सामानाबद्दल बोलू लागला. बोलण्याच्या ओघात आलेले वाक्य होते ते. मला हे खात्रीने सांगता येते, कारण मी समोर बसलो होतो आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

आमच्याकडे सीताफळे दसऱ्याच्या सुमारास येतात. गिरडच्या बाजूच्या टेकड्यांतून बाया टोपल्या घेऊन बाजारात बसतात. दिवाळी उलटली की फळ लहान होत जाते आणि मग दिसेनासे होते. भाऊ येई तो मे महिन्यात. मधे सगळा हिवाळा आणि निम्मा उन्हाळा. तो गेल्यावर आईने हा हिशेब मनात केला असावा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने टोपलीभर सीताफळे घेतली आणि कुटारात, धान्याच्या भुशात, पिकत घातली.

आम्ही लहान असतानाही ती सीताफळे कुटारातच पिकवी. रोज सकाळी कुटार बाजूला करून बघायचे. फळाचे डोळे उघडले, खवल्यांच्या मधली रेघ पांढरी पडली, की फळ झाले. डोळे उघडलेले पहिले फळ मोठ्याचे असे. मला दुसरे मिळे. दुसरे फळ चवीला पहिल्यासारखेच असते. हे मला तेव्हाही माहीत होते. त्याने काही फरक पडत नसे.

पहिला प्रयोग सोपा होता. तिने अख्खे पिकलेले फळ फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवले. चार दिवसांनी ते काळ्या दगडासारखे झाले होते. बाहेर काढून ठेवल्यावर दगड मऊ झाला, मग बशीत पाणी साचले. साल हाताला लागताच सुटून आली. आतला गर तपकिरी होता आणि त्याला आंबूस वास होता. आईने तो वाटीत काढून माझ्यापुढे ठेवला.

“पाह्य बरं कसं लागते.”

मी चाखले आणि सांगितले.

“दाणा राह्यला का?”

दाणा म्हणजे सीताफळाच्या गरातला तो रवाळपणा. पाकळी जिभेवर घेतली की आधी बी हलते, मग गर सुटतो आणि तो साखरेसारखा बारीक बारीक लागतो. फळ चांगले की वाईट हे आई गोडीवरून ठरवत नसे, दाण्यावरून ठरवी. दाणा राहिला नव्हता. मी तसे सांगितले. वाटी मात्र संपवायला लागली, कारण आमच्या घरी फळ टाकून देत नाहीत.

त्यानंतर तिने फळ अर्धे कापून ठेवले. मग चाळणीवर गर घासून बिया काढल्या आणि तो पेल्यात भरला. मग गर काळा पडू नये म्हणून लिंबू पिळले, ते आंबट झाले. मग लिंबू सोडून साखर घातली. गर पांढरा राहिला, पण सुटल्यावर पातळ झाला. मग बियांसकट पाकळ्या एकेक सुट्या करून, मधे साखर पेरून, स्टीलच्या मोठ्या डब्यात शिगोशीग भरल्या. या डब्याकडून तिला फार आशा होती. आठवड्याने तो उघडला. वर बर्फाच्या सुया होत्या, हाताला टोचतील इतक्या लांब. सुटल्यावर डब्यात खाली पाणी आणि वर चिंधीसारखा गर, फाटलेल्या दुधाचे असते तसे.

हे सगळे माझ्या वाट्याला आले. वडिलांना थंड खाल्ले की खोकला येई. माझ्या बायकोला पहिल्या वाटीनंतर नको झाले. ती स्पष्ट बोलणारी होती.

“चांगलं झालं तं तुमच्या दादाचं,” ती म्हणाली, “बिघडलं तं तुमचं.”

“चूप व,” मी म्हणालो.

“मी कुठी खोटं बोलून राह्यली?” तिने टोपलीतले एक ताजे फळ उचलले. “आत्याबाई, आता पाच-सहाच राह्यले. हे ताजे ताजे आपणच खाऊन घेऊ ना.”

“तुम्ही तं रोजच खाता,” आई म्हणाली आणि फळ तिच्या हातातून घेऊन परत टोपलीत ठेवले.

जे रोज घरी जेवतात त्यांनी सगळे रोजच खाल्लेले असते, असा घरातला समज होता. त्या मोसमात आम्ही दोघांनी एकही ताजे सीताफळ खाल्ले नाही. बाजारातून दोन विकत घेऊन बाहेरच खाता आली असती. तसे करावेसे वाटले नाही. मला फळ हवे नव्हते. मला ते टोपलीतले हवे होते.

दिवाळीच्या आधी वर्ध्याला फळे टिकवण्याचा एक सरकारी वर्ग भरला होता. मी त्याची बातमी करायला गेलो. वर्गात बऱ्याच बायका आणि थोडे संत्रा बागाईतदार होते. शिकवणाऱ्या बाईंनी पेरूच्या दोन पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली लावल्या होत्या आणि सगळे रांगेने बघत होते. पहिली ताज्या पेरूची. तिच्यात मोहोळासारखी घरे दिसत होती, एकाला एक लागून, भिंती शाबूत. दुसरी चकती गोठवून परत नरम केलेल्या पेरूची. घरे होती, पण भिंती जागोजाग फाटल्या होत्या आणि काही घरे एकमेकांत मिसळली होती.

बाईंनी सांगितले ते असे. फळाच्या प्रत्येक घरात पाणी भरलेले असते. फळ हळूहळू गोठले की पाण्याचे मोठाले, टोकदार खडे होतात आणि ते भिंत फाडतात. फाटलेली भिंत पुन्हा जुळत नाही. बर्फ सुटला की आतले पाणी वाहून जाते आणि फळ बसते. तेच फळ झटकन गोठवले तर खडे बारीक होतात, भिंती टिकतात. साखर घातली की थोडे पाणी आधीच बाहेर ओढले जाते, तेवढा धोका कमी. आणि एकदा गोठवलेले फळ अर्धवट सुटून परत गोठले, तर बारीक खडेही मोठे होतात.

मी बातमी लिहिली. ती आतल्या पानावर, बरीच कापून, छापून आली. घरी मात्र मी ती पूर्ण सांगितली. न सांगता राहता आले असते. बसमध्ये हिंगणघाट येईपर्यंत मी त्याचा विचार केला होता. ज्या वाटीत माझा वाटा नाही ती वाटी चांगली व्हावी म्हणून आपण काय करावे, हा प्रश्न होता. सांगायचे कारण असे की आईने आणखी चार डबे बिघडवले असते आणि ते चारही मला खावे लागले असते.

आईने ऐकून घेतले. ती तेव्हा लोणी कढवत होती.

“म्हणजे तुपासारखं,” ती म्हणाली.

“कसं?”

“तूप हळू थिजलं का रवा मोठा पडते. तेच पाण्यात पातेलं ठेवून लवकर थिजवलं का रवाच पडत नाई, लोण्यासारखं राह्यते.” तिने गॅस बंद केला. “तुपाले रवा पाह्यजे म्हणून आपण हळू थिजवतो. याले उलटं पाह्यजे. पण ह्या फ्रिजमधी काय लवकर होते? पाण्याचा बर्फ व्हाले सकाळची संध्याकाळ होते.”

मग थोड्या वेळाने तिने विचारले, “कुल्फीवाला बर्फात मीठ काऊन टाकते?”

मी म्हणालो, मिठाने बर्फ लवकर वितळतो आणि वितळताना आजूबाजूची गरमी ओढून घेतो. नुसत्या बर्फाहून तो पुष्कळ थंड होतो. म्हणून कुल्फी जमते.

“मंग बर्फ आण उद्या,” ती म्हणाली. “फ्रिजमधी नुसतं ठेवाचं. जमवाचं बाहेर.”

अशा रीतीने बर्फाचे काम माझ्याकडे आले. बर्फाच्या कारखान्यातून लादी घ्यायची, पोत्यात भुसा घालून गुंडाळायची, सायकलच्या कॅरिअरवर बांधायची. वाटेत ती पाठीमागून गळत राही. रस्त्यावर ओळखीचे लोक विचारीत, “घरी कार्यक्रम हाये का?” मी नाही म्हणे. पुढचे सांगण्यासारखे नव्हते.

आईने यावेळी मोठा डबा घेतला नाही. तिने ॲल्युमिनियमचे उथळ डबे काढले, पोळ्या ठेवतात तसले. त्यांत पाकळ्यांचा एकच थर लावला, बियांसकट, कारण बी काढताना पाकळी फाटते. वरून साखर भुरभुरली. झाकणे लावून, फडक्याने बांधून, मीठ-बर्फाने भरलेल्या घमेल्यात ते डबे दाबले. मी मुसळाने बर्फ फोडत होतो. हात बधिर झाले. डब्यांच्या कडांवर पांढरी साय धरली आणि थोड्याच वेळात झाकणावर टिचकी मारली तर आतून टणक आवाज आला.

त्यातला एक डबा तिने दोन दिवसांनी उघडला. सुया नव्हत्या. सुटल्यावर बशीत पाणी अगदी थोडे आले. पाकळ्या पाकळ्याच राहिल्या. मी चाखले.

“दाणा राह्यला का?”

“राह्यला,” मी म्हणालो.

तिने लगेच माझ्या हातातली वाटी घेतली आणि झाकून ठेवली. उरलेले तिने संध्याकाळी शेजारणीला चाखवले. चांगले झालेले म्हणून मला मिळाले ते एवढेच, एक चमचा.

पण पंधरवड्याने दुसरा डबा उघडला तर तो बिघडलेला होता. तिसराही. सुया नव्हत्या, पण खडे होते, चुरचुरणारे, आणि सुटल्यावर पुन्हा पाणी. आईने माझ्याकडे बघितले. जे मी वर्ध्याहून ऐकून आलो ते खोटे निघाले, असा त्या बघण्याचा अर्थ होता. मी फ्रिज तपासला. चालू होता. त्याची घरघर सगळ्या घराला ऐकू येत होती.

कारण योगायोगाने कळले. बातम्यांचा लिफाफा मी नागपूरच्या पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडे देत असे. एकदा त्यासाठी पहाटे उठलो तर बैठकीत वडील उभे होते. त्यांनी चाचपत भिंतीवरचे बटण दाबले आणि फ्रिज घरघरायला लागला. खालच्या ताटलीत पाणी होते.

“बाबा, हा बंद होता का?”

“होता.”

“लाइन गेलती?”

“लाइन कायले जाते? मी बंद करतो. रोज झोपताना.”

“काऊन?”

त्यांना प्रश्नाचेच आश्चर्य वाटले. “दिवसभर चालते बिचारं. त्याले आराम नाई पाह्यजे? जिनिंगमधी एका मशीनचे बेअरिंग तापले होते, चालूच ठेवले रातभर. कापसानं पेट घेतला. आख्खं गोदाम गेलं. तवापासून मशीन बंद केल्याबिगर मले झोप येत नाई.” मग ते म्हणाले, “बैलही सोडतो माणूस संध्याकाळी.”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने सगळे ऐकले. तिने आवाज चढवला नाही.

“तुमच्या जिनिंगमधी सीताफळं नव्हते,” ती म्हणाली.

“तू सांगतलं कधी, रात्री चालू ठेवा म्हणून?”

“तुम्ही सांगतलं कधी, बंद करता म्हणून?”

वडील खाली बसले. त्यांनी मोठ्याच्या वस्तूची काळजी घेतली होती. मी आणलेला पंखा रात्रभर चाले, त्याला आराम द्यावा असे त्यांना कधी वाटले नव्हते. मी लिफाफा घेऊन स्टँडवर गेलो.

तोवर दिवाळी होऊन गेली होती. बाजारात एकाच बाईकडे सीताफळे होती, लहान आणि बियांनी भरलेली. आईने ती सगळी घेतली. त्यांतून पिकल्यावर निवडून निवडून एका डब्यापुरत्या पाकळ्या निघाल्या. मी पुन्हा लादी आणली. तो डबा वरच्या कप्प्यात गेला आणि आईने फ्रिजला कुलूप लावले. किल्ली तिच्या कमरेला. पाहुण्यांना बर्फ दाखवणे बंद झाले. बटणावर तिने चिकटपट्टी लावली.

हा बदल वडिलांना जड गेला. कोणी आले की ते फ्रिजकडे बघत, मग आईकडे. माठातले पाणी पाहुण्याला देताना ते एकदा म्हणाले, “मोठ्याचा फ्रिज, अन् मोठ्याच्या बापाले थंड पाणी नाई.”

“मे महिन्यात पेजा,” आई आतून म्हणाली.

हिवाळ्यात काही अडचण आली नाही. होळीनंतर लाइन जायला लागली, कधी दुपारभर. लाइन गेली की आई माणूस पाठवी. मी जिथे असेन तिथून बर्फ आणि खडे मीठ घेऊन घरी यायचे, डब्याभोवती रचायचे, कप्प्याचे दार फडक्याने बंद करायचे. एकदा नगरपालिकेची सभा ऐन भांडणात असताना मी उठून आलो. दुसऱ्या दैनिकात ते भांडण सविस्तर आले, आमच्यात दोन ओळी. संपादकांनी विचारले तेव्हा घरी आजारपण असल्याचे सांगितले.

सायकलवर बर्फ नेताना मनात काय चाले ते सांगणे अवघड नाही. भावाला चांगली नोकरी होती, याचा मला हेवा नव्हता. त्याच्या पैशाचा तर नव्हताच. त्यातून वडिलांच्या डोळ्यांचे ऑपरेशन होणार होते. हेवा वेगळ्या गोष्टीचा होता. तो एकदा बोलला आणि घर त्याप्रमाणे फिरले. मी रोज बोलत होतो. डब्यात काय आहे, तो कसा जमवला, किती वेळा वाचवला, हे मला पाठ होते आणि उघडताना माझ्या हातात चमचाही नसणार होता.

बायको म्हणाली, “एक दिवस नका जाऊ बर्फाले. पाहू काय होते.”

“काय होईन? माय मलेच खाले देईन ते.”

ती हसली. तिचे हसणे बराच वेळ थांबले नाही, आणि मग मलाही हसू आले.

मे महिन्यात भाऊ आला. त्याचे वजन वाढले होते. वहिनी आणि मुलगी मुंबईला वहिनीच्या माहेरी थांबल्या होत्या, त्या मागून येणार होत्या. दोन दिवस घर माणसांनी भरलेले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणे झाली आणि आईने कमरेची किल्ली काढली. तिने आधी काही सांगितले नव्हते. डबा बाहेर आला, फडके सुटले, झाकण निघाले. ती थांबली, बोटाने दाबून पाहिले, पुन्हा थांबली. फळ पुरते नरम व्हायच्या आत खायचे, हे आम्ही एवढ्या वाट्यांतून शिकलो होतो. मग तिने पाकळ्या वाटीत काढल्या आणि वाटी त्याच्या हातात दिली.

भावाने पाहिले. “सीताफळ? मे महिन्यात?”

“खाय.”

त्याने मोठा चमचा भरून घेतला. बिया बाजूला केल्या. आणखी एक घेतला. आई समोर पाटावर बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

“मस्त, माय,” तो म्हणाला. “आइस्क्रीमसारखं झालं एकदम.”

आईने वाटीकडे पाहिले. मग म्हणाली, “आइस्क्रीमसारखं म्हणजे?”

“म्हणजे चांगलं. थंडगार.”

“दाणा लागते का जिभेले?”

“दाणा?” त्याने पुन्हा एक चमचा तोंडात घेतला, आठवल्यासारखे केले. “सीताफळ तं सीताफळच हाये, माय. चांगलं हाये.”

“कडेचं अन् मधलं सारखं लागते का येगळं?”

“आता इतकं काय सांगू? सारखंच हाये.”

आईने त्याच्या हातातून वाटी घेतली. काढून घेतली असे म्हणण्यासारखे नव्हते, पण त्याचा हात तसाच वर राहिला. तिने दुसरा चमचा घालून वाटी माझ्यापुढे केली.

“तू पाह्य.”

मी मधली एक पाकळी घेतली. बी हलली, गर सुटला, दाणा होता. मग कडेची घेतली. ती आधीच पाणी झाली होती, साखरेचे गोड पाणी आणि आत एक बी. पुन्हा मधली घेतली.

“मधलं राह्यलं,” मी सांगितले. “पुरं राह्यलं. कडेचं गेलं, चहूकडून बोटभर.”

“कडेचं काऊन?”

“लाइन जाये तवा डबा बाहेरून नरम व्हाचा. बर्फ येईपर्यंत कड सुटे, अन् मंग परत जमे. मधे गर्मी पोचत नव्हती.”

“म्हणजे पत्र्याले लागून होतं तेच गेलं.”

“तेच.”

“मंग पुढच्या टायमाले डब्याले आधी फडकं गुंडाळावं लागन. गोधडीचं.”

“जमवताना नाई. जमल्यावर.”

“हो, जमल्यावर,” ती म्हणाली. “अन् मधला दाणा ताज्यासारखा का जरा कमी?”

“जरा कमी. पण दाणा हाये.”

तिने श्वास सोडला. इतक्या महिन्यांत मी तिला इतके सैल बसलेले पाहिले नव्हते. तिला हवे होते ते उत्तर तिला मिळाले होते आणि ते ज्याच्यासाठी केले त्याच्याकडून मिळाले नव्हते. तिला याचे वाईट वाटले असेल तर ते दिसले नाही.

भाऊ आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. त्याच्या हातात नुसता चमचा होता.

“हिवाळाभर ह्यालेच चारलं वाटते,” तो म्हणाला.

“बिघडलेलं चारलं,” मी म्हणालो.

“तरी चारलं ना.” तो हसत होता, पण आवाज हसण्याचा नव्हता. “मले तं तू कधी असं विचारत नाई, माय. मी काय खाल्लं, कसं लागलं. मी आलो का वाटी भरून ठेवते अन् पाहत राह्यते.”

“तुले विचारलंच ना आता.”

“अन् मले सांगता आलं नाई, म्हणून त्याले दिलं.”

“बाप्पा, तू तठी राह्यतं,” आई म्हणाली. “तुले कसं ठाऊक राहीन?”

ती हे समजुतीने म्हणाली. त्याला ते समजुतीचे वाटले नाही. तो खाली बघून चमचा बोटांत फिरवत राहिला. हा चेहरा मला ओळखीचा होता. आरशातला नव्हे, पण आतून ओळखीचा. तो त्याच्यावर मी प्रथमच पाहत होतो.

वाटीत अजून पाच-सहा पाकळ्या होत्या, बहुतेक मधल्या. भावाने हात पुढे केला.

“दे इकडे. सुटून जाईन.”

मी वाटी दिली नाही. आणखी एक पाकळी चमच्यावर घेतली.

“देजो त्याले,” आई म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता, फडक्याची घडी करता करता, भावाला म्हणाली, “थांब जरा. त्याले पाहून घेऊ दे.”